पुस्तकातल्या मयताचं सुतक

मागच्या महिन्यात मी पाच पुस्तकं वाचली. त्याआधीच्या सगळ्या आयुष्यात मिळून एवढी वाचली नसतील. तिसरीत शाळा सुटली, मग बापाची होडी, आणि खाडीत मासळी कमी झाली तशी तळोज्याची कंपनी. कंपनीत वाचायला पाट्या होत्या, 'हात लावू नका' आणि 'विडी पिऊ नका'. त्याही लाल रंगात, म्हणजे न वाचताच कळाव्यात. तेव्हा पुस्तकांबद्दल माझं मत काही मोठं नाही. पण मी ती मन रमवायला वाचली नाहीत. एका बाईवर सूड उगवायचा होता म्हणून वाचली. सुडासाठी वाचावं लागतं हे मलाही नवीनच होतं.

वाचणारी होती माझी बायको. दिवाळे गावच्या धक्क्यावर म्हावरं घ्यायचं आणि टोपली घेऊन बेलापूरच्या सेक्टरांतून बिल्डिंग बिल्डिंग फिरायचं, हा तिचा धंदा. शाळा चौथी. पण पोरं अभ्यासाला बसली की त्यांच्या शेजारी बसून तीही वाचायची. पोरांची शाळा संपली, हिची संपली नाही. तिथल्याच एका सेक्टरात ज्येष्ठ नागरिकांच्या हॉलमागं एक वाचनालय आहे. एक दिवस टोपली दाराबाहेर ठेवून ही आत गेली. टेबलावरची पोरगी म्हणाली, "मावशी, इथं मासे नाही घेत कोणी."

"मला द्यायचं नाय, घ्यायचं हाय," ही म्हणाली. "पुस्तक दे. जाडं दे. बारीक लवकर सपतं."

हे तिनंच घरी येऊन सांगितलं, टोपली धुता धुता, हसत.

तेव्हापासून दुपारी बाजार आटोपला की ओट्यावर पाय पसरून बसायची. मनात वाचणं तिला कधी जमलं नाही. ओळीखाली बोट, ओठ हलतायत, आवाज मोठा. मी आत पडलेला असायचो. अर्धं कानात जायचं, अर्धं घोरण्यात. कोणाची सून कशी आणि कोणाचा नवरा कुठं पळाला, हे मला आळीतलं कमी आणि पुस्तकातलं जास्त माहीत होतं.

वाचनालयात महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी कट्टा भरतो. खुर्च्या गोल मांडतात, चहा-बिस्किट असतं, आणि प्रत्येकानं उभं राहून महिनाभरात काय वाचलं, कसं वाटलं ते सांगायचं. कट्टा चालवते एक बाई. शाळेत हेडमास्तरीण होती, आता रिटायर. सगळे तिला मॅडम म्हणतात. समोरच्याच टॉवरात राहते. तिच्या घरचं पापलेट माझीच बायको पोचवायची, साफ करून, तुकडे करून. आणि कट्ट्यावर ती बाई हिला म्हणायची, "आमच्या कोळीणबाई." हिला नाव होतं. वाचनालयाच्या कार्डावर लिहिलेलं होतं.

आता सुतकाचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

आमच्यात मयत झालं की चुलीवर म्हावरं चढत नाही. घरातलं असेल तर कार्य होईपर्यंत, आळीतलं असेल तर निदान त्या दिवशी तरी. भाजीभात खायचा. खाडीकाठच्या माणसानं म्हावरं सोडलं म्हणजे त्याला दुःख झालंय, एवढा सरळ हिशेब. एक दिवस मी जेवायला बसलो तर ताटात वालाची भाजी. सकाळी टोपलीत ताजे बोंबील मी माझ्या डोळ्यांनी बघितले होते.

"म्हावरं कुठाय?"

"आज नाय."

"का?"

"पोर मेली."

मी हातातला घास खाली ठेवला. "कोनाची?"

"पुस्तकातली. शिपायाची पोर. तापानं गेली बिचारी."

"येडी झालीस काय तू? पुस्तकात कोन मरतं काय?"

"मंग मी काल काय वाचलं?" ती म्हणाली. "इतकं दिस त्या पोरीसंगं हाय मी. आळीतलं पोर गेलं तर पाळतो ना एक दिवस? त्यातल्या अर्ध्यांना तर मी वळखत पन नाय. तुमी खावा गुपचूप."

मी खाल्ली वालाची भाजी. बोंबील शेजारी गेले.

हे तिनं पुढच्या कट्ट्याला उभं राहून सांगितलं. यात लपवण्यासारखं काही आहे असं तिच्या मनातही आलं नाही. सगळे हसले. हसले तर हसले. पण मॅडमनं ते धरून ठेवलं. दर महिन्याला हिची पाळी आली की, "काय मग कोळीणबाई, या महिन्यात कोणाचं सुतक? की म्हावरं चालू आहे?" मग पुन्हा हसू. एकदा हिनं परत केलेलं पुस्तक नाकाजवळ नेऊन म्हणाली, "अगं बाई, हे वाचलं की आमच्या घरी वेगळं कालवण करायला नको." ही तेव्हापासून पुस्तकाला हात लावायच्या आधी साबणानं हात धुवायची, वर लिंबाची फोड चोळायची. कट्ट्याला जायची थांबली नाही. बोलायची थांबली. "या महिन्यात काय नाय वाचलं," म्हणायची आणि खाली बसायची. घरी येऊन मला मात्र सगळं सांगायची, शेवटापर्यंत.

काविळीनं गेली. आजारी पडली म्हणेपर्यंत गेली.

कार्य झालं आणि वाचनालयातून फोन आला, श्रद्धांजलीची सभा ठेवली आहे. सुनेला घेऊन गेलो. टेबलावर फोटो, हार, उदबत्ती. मॅडम बोलायला उभी राहिली. डोळ्याला रुमाल लावला. "अत्यंत निरागस वाचक होत्या," म्हणाली.

मी सुनेला विचारलं, "निरागस म्हंजे?"

"चांगलं बोलतायत, बाबा."

आणि मग त्या बाईनं ते सुतक काढलं. आमची बोली काढून दाखवली, मान हलवून, हात नाचवून. "पोर मेली म्हनून म्हावरं नाय केलं वो मॅडम!" आधी लोकांनी तोंडावर हात धरले. मग एकाला आवरलं नाही, मग कोणालाच आवरलं नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या गदागदा हलत होत्या. फोटोतली ती आधीपासूनच हसत होती. पोराच्या लग्नातला फोटो होता तो. बघणाऱ्याला वाटावं, तीही त्यांच्यात सामील आहे.

माझ्या बायकोच्या मयतावर लोक हसले. आमच्या गावात हे कोणी केलं असतं तर मी त्याला वल्ह्यानं हाणला असता. इथं वल्हं नव्हतं आणि समोर बाई होती.

निघताना मॅडम जवळ आली. "काका, तुम्हीसुद्धा येत चला. ताईंचं कार्ड आहेच. वाचनात मन रमतं हो."

मला काका म्हणते. माझ्याच वयाची असेल. केस रंगवते, एवढाच फरक.

"येतो ना," मी म्हटलं. "पुढच्या कट्ट्याला येतो. वाचून येतो."

रिक्षात सून खूश. "बरं केलंत, बाबा." तिला काय ठाऊक.

पहिलं पुस्तक टेबलावरच्या पोरीनं तिच्या मनानं दिलं. "आजोबा, सोपं देते." मन शांत कसं ठेवावं, दुःख कसं विसरावं, त्याचं. मागच्या बाजूला लिहिणाऱ्याचा फोटो, शेजारी त्याची बायको, दोघं हसतायत. ज्याची बायको शेजारी उभी आहे तो मला सांगतोय दुःख विसरा. एका पानावर म्हणतो, सकाळी उठून आरशात बघून हसा. मी हसून बघितलं. कवळी घातली नव्हती. सून चहा घेऊन येत होती ती तशीच मागं फिरली. पुढं एका पानावर म्हणतो, ज्यानं तुम्हाला दुखवलं त्याला मनातून माफ करा, हलकं वाटेल. मला हलकं व्हायचं नव्हतं. हलकी होडी वाऱ्यात उलटते. तिथंच मिटलं. ज्याला दुश्मन नाही त्यानं ते पुस्तक वाचावं, त्याला लागू पडेल.

दुसरं एका मोठ्या घराण्याचं. चांगलं जाड. माणसं एवढी की लग्नाच्या पंगतीत नसतील, आणि सगळी बसून विचार करतात. शंभर पानं गेली तरी एकानं कामाला हात लावला नाही. त्यातला एकजण खिडकीतून बाहेर बघतो, तर ते बघणंच चार पानं. मीही बोट ठेवून मोठ्यानं वाचतो, मला दुसरी तऱ्हा येत नाही. चार पानं खिडकी वाचून घसा सुकला. पण मधेच माझ्या ध्यानात आलं, ही गोष्ट मला माहीत आहे. हिनं मला सांगितली होती, भाजी निवडताना, आणि तेव्हा ती फार चांगली होती. तिनं खिडकी गाळली होती.

तिसरं खुनाचं. हे आवडलं. एक माणूस भावाचा सूड घ्यायला कितीतरी वर्षं थांबतो, दुश्मनाच्या घरी आचारी म्हणून राहतो, त्याला काय आवडतं ते शिकतो आणि तेच खाऊ घालून त्याला मारतो. शेवटी पोलीस पकडतात. ते मला पटलं नाही, पण लिहिणाऱ्यालाही पोट आहे, त्याला कायद्याच्या बाजूनं राहावं लागत असेल. त्यातून मी एक शिकलो. माणसाला कुठं मारायचं ते त्याच्या आवडीवरून कळतं. पुस्तक परत करताना मी पोरीला विचारलं, "तुमच्या मॅडमला सगळ्यात जास्त काय आवडतं?"

ती हसली. "मॅडमना? त्यांचं पुस्तक."

"कंचं?"

"त्यांनी स्वतः लिहिलंय. आईवर."

"दे."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग कपाटाच्या खालच्या कप्प्यात वाकून, धूळ झटकून तिनं ते काढलं. तीन प्रती होत्या, तिन्ही मॅडमनं भेट दिलेल्या. पुस्तकाच्या शेवटी एक चिठ्ठी चिकटवलेली असते, कोणी कधी नेलं त्याचे शिक्के मारायला. तिन्ही चिठ्ठ्या कोऱ्या.

"आजोबा, तुम्ही पहिले," पोरगी हळूच म्हणाली. "कट्ट्यावर सगळे सांगतात वाचलं, छान आहे. नेलं कोणीच नाही."

जाळ्याला मोठं काही लागलं की दोरीतून हाताला हिसका येतो. तसा हिसका मला त्या क्षणी आला.

पण ते लगेच वाचलं नाही. आधी शिपायाच्या पोरीचं पुस्तक मागून घेतलं, हिनं सुतक पाळलं ते. मारायला जायचं तर कशापायी जातोय ते नीट बघून जावं. गोष्ट साधी आहे. गावातल्या शाळेचा शिपाई, त्याची बारकी पोर. तिला शाळेची घंटा वाजवायची असते. बाप वाजवू देत नाही, हेडमास्तर ओरडेल. रोज मागते, रोज नाही म्हणतो. मग पोरीला ताप येतो, उतरतच नाही. एक दिवस बाप तिला खांद्यावर घेऊन शाळेत जातो. रविवार असतो, शाळा बंद. पोर टोला मारते, एकच, तेवढीच ताकद. तो टोला ऐकून गावातली दोनचार पोरं दप्तर घेऊन धावत येतात. ती त्यांच्याकडं बघून हसते. दुसऱ्या दिवशी जाते.

त्या पानावर माशाचा एक खवला चिकटला होता. वाळून काचेसारखा झालेला. म्हणजे हात धुतले नव्हते तिनं. साबण आणि लिंबू हे नंतरचं. धंद्यावरून आली असेल आणि टोपली टाकून तशीच बसली असेल, पोर घंटा वाजवते की नाही ते बघायला.

मी खवला काढला नाही. त्या दिवशी संकष्टी होती, सुनेनं तसंही म्हावरं केलं नव्हतं. नाहीतर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

त्याच ओट्यावर बसून मी ठरवलं काय करायचं. मॅडमच्या पुस्तकात आई मरते हे पुस्तकाच्या पाठीवरच छापलं होतं. ज्या दिवशी ती म्हातारी मरेल त्या दिवशी मी म्हावरं खाणार. साधंसुधं नाही, जिताडा. आणि कट्ट्यावर भर सभेत उभा राहून सांगणार. माझ्या बायकोनं परक्याच्या पोरीसाठी घास सोडला, तुम्ही हसलात. मी तुमच्या आईसाठी सोडला नाही. आता हसा.

हे एवढं सुचलं आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा मला कडकडून भूक लागली.

जिताडा आता रोज मिळत नाही. धक्क्यावर दोन सकाळी जाऊन बसलो तेव्हा एक आला. विकणारी म्हणाली, "कोन पावना येतोय काय?" म्हटलं, "पावना नाय, जातोय कोनतरी." सुनेला सांगितलं, कालवण पण कर आणि तुकड्या तळ पण. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसलो.

पुस्तक भिकार आहे. हे मी सूड म्हणून म्हणत नाही. प्रत्येक वाक्याला दागिने. आई म्हणजे समई, आई म्हणजे सागर, आई म्हणजे वटवृक्ष. बाई, एकदा काय ते ठरव. सागरात वटवृक्ष उगवत नाही. आई सगळ्यांना प्रेम देते, पण त्या घरात भांडी कोण घासतं ते कळत नाही. मला बरं वाटत होतं. आतून तळणीचा वास येत होता. मी पानं पुढं ढकलत होतो, म्हातारी कधी मरते म्हणून.

मग ते पान आलं आणि तिथं त्या बाईनं दागिने उतरवून ठेवले. सरळ लिहिलंय. आई अंथरुणाला खिळलेली. लेकीला ओळखत नाही, तिला आपली लहानपणीची बहीण समजते. लेक सकाळी शाळेला निघाली आहे, परीक्षेचे दिवस, हिच्याकडं शाळेच्या किल्ल्या. आई म्हणते, "माझी वेणी घाल गं, जत्रेला जायचंय." लेकीला उशीर होतोय. ती उभ्या उभ्याच तीन पेड वळते, कसेतरी, रिबीन पण नाही, रबर लावते. टपालाच्या गठ्ठ्याला असतं ना, तसलं रबर. आई हात मागं नेऊन वेणी चाचपते आणि म्हणते, "छान झाली. आता तुझी घालते." लेक म्हणते, "संध्याकाळी घाल," आणि जाते. संध्याकाळी आईला खाली घेतलेलं असतं. सगळं करतात, अंघोळ घालतात, नवी साडी नेसवतात. वेणी कोणी सोडत नाही. ते रबर तसंच जातं.

एवढंच. पुढच्या पानावर परत समई सुरू होते.

सुनेनं हाक मारली, "बाबा, वाढलंय."

ताट सुरेख दिसत होतं. लालभडक कालवण, वर कोथिंबीर, तुकड्या कुरकुरीत. मी बसलो. तुकडी मोडली. तोंडाशी नेली आणि हात तिथंच राहिला. मी हाताला शिवी दिली. म्हातारी कोण? त्या बाईची आई. त्या बाईची! मी परत हात उचलला. वास नाकात गेला तसं ताट पुढं सरकवलं. उभ्या जन्मात मी जिताड्याचं ताट सरकवलं नव्हतं.

सून बघत होती. "मीठ जास्त पडलं का?"

"काटा लागला."

"तोंडात न घालताच?"

"भाजी हाय का?"

"सकाळची गवार आहे थोडी." ती उठली, आणि उठता उठता तशीच थांबली. तिनं सासूबरोबर त्याच चुलीवर बरीच वर्षं काढलेली. ताटाकडं बघितलं, ओट्यावरच्या पुस्तकाकडं बघितलं.

"कोन मेलं, बाबा?" ती म्हणाली.

"गप बस. गवार आन."

जिताडा शेजारी गेला. मी गवार खाल्ली आणि प्रत्येक घासाला त्या बाईचा राग केला. माझी बायको नेली ती काविळीनं. पण माझ्या तोंडचा घास काढला तो या हेडमास्तरणीनं. तोही रबर लावून.

कट्ट्याच्या रविवारी धुतलेला सदरा घातला. सून सोबत आली. गोल खुर्च्या, चहा, बिस्किट. हिची खुर्ची दाराजवळची असायची. कोणाला वास येऊ नये म्हणून तिनं स्वतःच ती धरली होती. मी तिथंच बसलो.

"आज आपल्याकडं काका आलेत," मॅडम म्हणाली. "काका, महिनाभरात काय काय वाचलंत? घाबरू नका, जमेल तसं सांगा."

मी उभा राहिलो. हसण्याच्या पुस्तकाचं सांगितलं, कवळीसकट. हसले. खिडकीचं सांगितलं, चांगलेच हसले. एका काठीवाल्यानं टाळीपण वाजवली. मॅडम कौतुकानं मान डोलवत होती, जसं कोणाचं नातवंड कविता म्हणतंय. शिपायाच्या पोरीचं मी काही सांगितलं नाही. ते त्यांच्यात सांगायचं नाही असं ठरवून आलो होतो.

"आनि पाचवं मॅडमचं पुस्तक वाचलं," मी म्हटलं.

मॅडमची मान थांबली.

"त्यात त्यांची आई मरते. ते वाचलं त्या दिवशी मी जिताडा खाल्ला. कालवन आनि तळलेला, दोनी. बोटं चाटून खाल्ला."

दोघेतिघे सवयीनं हसले. आमच्या बोलीत सुतक-म्हावरं ऐकलं की हसायचं, हे त्यांना मॅडमनंच शिकवलं होतं. मग त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि त्यांची तोंडं मिटली.

"ती माझी आई होती, काका," मॅडम म्हणाली.

"आनि या खुर्चीत बसायची ती कोन होती?"

मॅडमनं चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणाली, "पुढचे कोण?" पण पुढचं कोणी उठेना.

मी बसलो नाही, बाहेर आलो. सून मागं होती. मी चपला शोधत होतो तेवढ्यात मॅडम दाराशी आली. एकटीच. आवाज शाळेतला नव्हता.

"काका, ते वेणीचं पान. तिथपर्यंत वाचलंत?"

"शेवटापर्यंत वाचलं."

"कसं…" ती अडखळली. "तुम्हाला कसं…"

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. मला तेव्हा कळलं की इतक्या वर्षांत तिला हे विचारायला एकही माणूस मिळाला नव्हता. छान छान म्हणणारे सगळे, नेणारा कोणी नाही. आणि तिला हवं होतं ते माझ्या जिभेवर होतं. घास गेला नाही, बाई. वास सहन झाला नाही. गवार खाल्ली मी तुमच्या आईपायी. एवढं म्हणायला किती वेळ लागतो? तिनं ते उरलेल्या आयुष्यभर उशाला घेतलं असतं.

"जिताडा चांगला लागला," मी म्हटलं, आणि चपला घातल्या.

रिक्षात खाडीचा पूल आला तशी सून म्हणाली, "बाबा, खोटं कशाला बोललात? जिताडा शेजारच्यांनी खाल्ला."

"मंग? चांगला लागला ना त्यांना?"

"हो, पण…"

"मंग खोटं काय त्यात?"

ती तोंड फिरवून हसली. मला वाटतं हसलीच. पदर होता मधे.

पुस्तक अजून माझ्याकडं आहे, परत दिलेलं नाही. पोरगी म्हणते, मॅडम दोनदा येऊन चिठ्ठीवरचा शिक्का बघायचाय म्हणाल्या. शिक्का बघून काय होणार? नेलं एवढंच कळेल. मी तिला सांगणार नाही. कट्ट्याला दर महिन्याला जाणार, त्याच खुर्चीत बसणार, ती माझ्याकडं बघत राहील आणि मी दुसऱ्याच पुस्तकांचं सांगणार.

आता हे मी लिहिलंय, तर कधीतरी तिच्या हातात पडेल, आणि मग तिला गवारीचं कळेलच, असं सून म्हणते. कळू दे. पण फुकट कळणार नाही. त्यासाठी तिला हे पहिल्यापासून शेवटापर्यंत वाचावं लागेल, मी तिच्या समया आणि वटवृक्ष वाचले तसं. यात माझी बायको मेली आहे. वाचून झालं की त्या दिवशी तिनं घरी काय शिजवलं, ते तिनं भर कट्ट्यावर उभं राहून सांगावं. मी दाराजवळच्या खुर्चीत असेन.